बायकांचे खाते, पुरुषांचे खाते

वसंतात आपल्या गावी दोन मोसम एकदमच येतात. एक व्याख्यानांचा आणि दुसरा परीक्षांच्या निकालांचा. संध्याकाळी मंडपात बसून आपण जगाच्या उलाढाली ऐकतो, आणि घरी परतून पानावर बसलो की एकच विषय निघतो: पोराने पुढे काय घ्यावे आणि पोरीने काय घ्यावे. मौज अशी की, घरे निरनिराळी असली तरी उत्तरे फारशी निरनिराळी नसतात. मुलगा असेल तर यंत्र, वीज, संगणक. गुण कमी पडले तर आय. टी. आय. मध्ये फिटर नाही तर वेल्डर. मुलगी असेल तर शिक्षिका, परिचारिका, बँकेतील नोकरी. गुण कमी पडले तर शिवणकाम नाही तर ब्यूटी पार्लर. असे का, म्हणून विचारावे तर आईबाप सांगतात, “तिची आवडच तशी आहे हो.” मुलीला विचारावे तर तीही तेच सांगते. आज आम्हांला या आवडीचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण आवडीलाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा आपल्या जन्मापूर्वीच सुरू झालेला असतो.

आम्ही विद्वान नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात घराची मोडतोड झाली, मुंबई सुटली, आणि नववीत शाळाही सुटली. पुढे लेथवर उभे राहिलो, संघटनेच्या कामात पडलो आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटाच्या कृपेने. तेव्हा सांगण्यात पांडित्य नसेल. पण कारखान्याच्या दारात आयुष्य गेल्यामुळे कोणाला कोणत्या दारातून आत घेतात, एवढे मात्र आम्ही जवळून पाहिले आहे.

आरंभ आमच्या आजीपासून करतो. आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत एका बॉबिनीवरून दुसरीवर उतरावयाचे, धागा तुटला की दोन बोटांच्या चिमटीत धरून क्षणात गाठ मारावयाची, आणि पुन्हा यंत्र चालू. मजुरी उक्ती, जितके वजन उतरेल तितके पैसे. वर देखरेखीला नाईकीण. या खात्याला आणि शेजारच्या रीलिंग खात्याला गिरणीत त्यांच्या नावाने क्वचितच कोणी ओळखी. ती सारी ‘बायकांची खाती’. आमचे वडील पुढे साळखात्यात लागले. साळखाते पुरुषांचे आणि गिरणीतले मानाचे. विणकराच्या हाती पडणारा पगार वाइंडिंगमधल्या बाईच्या पगाराहून कितीतरी अधिक. गिरणीत मागाला साचा म्हणत. लहानपणी आम्ही आजीला विचारले, “आजी, तू साचा का नाही गं चालवलास?” आजी हसून म्हणाली, “पोरा, साचा बाप्यांचा असतो.” साचा बाप्यांचा का, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिनेही ते कधी कोणाला विचारले नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुष्कळ वर्षांनी त्या कपाटातल्या पुस्तकांत सापडले, आणि ते वाचून आम्ही चकित झालो. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे ज्या लँकेशायर परगण्यातून येत, तेथे त्याच यंत्रमागांवर बायका काम करीत; तेथील विणकरांत बायकांचीच संख्या मोठी होती. जपानच्या सूतगिरण्यांत तर बहुसंख्य कामगार तरुण मुली. मुंबईचे गिरणीमालक जपानी कापडाच्या स्पर्धेची तक्रार सरकारदरबारी मांडीत होते, तेव्हा जपानी मुली चात्यांपुढे रात्रपाळ्या करीत होत्या. त्यांच्या रात्रपाळीला तेथे १९२९ साली बंदी आली. म्हणजे साचा तोच, धागा तोच, धोटा तोच. मँचेस्टरजवळ तो बाईचा, मुंबईत तो बाप्याचा. यंत्राने कोणाची जात विचारली नव्हती, की कोणाचे लिंग विचारले नव्हते. ज्या गावात ज्याला आधी उभे केले, त्याचे ते काम ठरले. आणि एकदा ठरले म्हणजे दोन पिढ्यांत ते निसर्गनियमासारखे वाटू लागले.

मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी साधारण पाच कामगारांत एक बाई होती. १९३० नंतर हे प्रमाण घसरत गेले. कारणे पाहू लागलो तर कोणी एक खलपुरुष सापडत नाही. बायकांच्या रात्रीच्या कामावर कायद्याने बंधने घातली. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ पर्यंत बाईला कारखान्यात काम देण्यास मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ साली कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंब्याचे भाषण केले होते. हेतू न्यायाचा होता. परंतु भत्त्याचा बोजा ज्या त्या मालकावर पडत असल्याने मालक हिशेब करू लागला: बाई ठेवली तर भत्ता, पाळणाघर, आणि वर रात्रपाळीलाही चालत नाही. गिरण्या दोन दोन, तीन तीन पाळ्यांत चालू लागल्या, वेगवान यंत्रे आली, आणि बायकांची खाती आकसली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात आणि त्यानंतर उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका गिरणीच्या दारात उभ्या राहून लढल्या. पण लढ्याच्या मागणीपत्रकांत बायकांचे खाते नेहमी शेवटच्या कलमात असे. आजीच्या खात्यात नवी यंत्रे बसली तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत त्यांवर पुरुष बसले. जे काम तीस वर्षे ‘बायकांच्या नाजूक बोटांचे’ होते, ते यंत्राचा वेग आणि पगार वाढताच पुरुषी झाले. आजी घरी बसली. बाळंतपणाच्या खर्चाचा बोजा एकट्या मालकावर न टाकता विम्याच्या सामाईक निधीवर टाकण्याची वाट १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने दाखविली. पण तोवर मुंबईच्या गिरण्यांतून बायकांची गळती पुष्कळ पुढे गेली होती.

हा गिरणीचा इतिहास झाला. पण आपल्या घरातही तो नांदत असतो. घरी चूल बाईची. पण लग्नाच्या मांडवात शंभर पानांचा स्वयंपाक करावयाचा आणि त्याचे दाम मोजून घ्यावयाचे म्हटले की तेथे आचारी येतो, आणि आचारी बाप्या. घरी सुई-दोरा बाईचा. पण पेठेत दुकान मांडून बसतो तो शिंपी. घरी आजारी माणसाची उशापायथ्याची सेवा बाईने करावी. पण नाडी पाहून पैसे घेणारा वैद्य मात्र पुरुष. कोणते काम कोणाच्या अंगाला शोभते, हे त्या कामाच्या गुणावरून ठरले असते तर उंबरठा ओलांडताना ते बदलले नसते. उंबऱ्याबाहेर दाम आहे, मान आहे. म्हणून उंबऱ्याबाहेर तेच काम पुरुषाचे. आम्हांला जे एक सांगावयाचे आहे ते हेच: काम बायकी की पुरुषी, हे कामाच्या अंगावरून ठरत आलेले नाही, ते बहुतांशी दामावरून आणि मानावरून ठरत आले आहे.

येथे कोणी म्हणेल की, शिक्षिकेचे काम तरी बायकांना स्वभावतःच जुळते. त्यांना मुलांची माया असते. ठीक आहे. मग १८४८ सालच्या पुण्यात जाऊ. त्या काळी शिकविणे हे पंतोजीचे काम. हातात छडी, डोक्याला पागोटे, आणि माया नावालाही नाही. शिकविणारी बाई ही कल्पनाच लोकांना विपरीत वाटे. भिडेवाड्यातील शाळेत सावित्रीबाई फुले शिकवावयास जात, तेव्हा त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले गेले. आज त्याच पुण्यात बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या शाळांत पुरुष शिक्षक दिसला तर पालक वळून पाहतात. पावणेदोनशे वर्षांत स्त्रीचा स्वभाव बदलला, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती समजूत. शिक्षकी पेशा बाईला निसर्गाने दिलेला नाही. सावित्रीबाई, फातिमा शेख आणि त्यांच्या मागून आलेल्या शेकडो जणींनी तो अंगावर शेण झेलून मिळविलेला आहे. या कमाईला ‘स्वभाव’ म्हणणे म्हणजे त्यांची मजुरी बुडविणे होय.

डॉक्टरकीचेही तसेच. चिखल फेकणे हा काही पुण्याचाच विशेष नव्हे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे १८६९ साली सात जणी वैद्यक शिकावयास गेल्या. १८७० च्या नोव्हेंबरात त्या परीक्षेला निघाल्या असता विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांची वाट अडवून त्यांच्यावर चिखलफेक केली. त्यांतली एक एडिथ पीची. रसायनशास्त्रात वरचा क्रमांक मिळवूनही तिला मिळावयाची शिष्यवृत्ती तिच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. हीच बाई पुढे मुंबईस आली आणि कामा रुग्णालयाची प्रमुख झाली. त्याच सुमारास, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या; कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण ती जागा सांभाळण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. बालपणीचा विवाह नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे आयुष्यभर रुग्णसेवा केली.

या थोर स्त्रियांपुढे आम्ही मस्तक नमवितो. पण त्यांना वैद्यकाचे दार कोणत्या युक्तिवादाने उघडले, हे पाहण्यासारखे आहे. युक्तिवाद असा की, आपल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवीत नाहीत, म्हणून बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात. गरज खरी होती. १८८५ साली निघालेल्या डफरिन फंडाचा पायाही हाच. परंतु दार उघडले ते माजघराचे. स्त्री डॉक्टर झाली, ती बाळंतपणाची डॉक्टर झाली. आजही शस्त्रक्रियेच्या, हाडांच्या किंवा मेंदूच्या विभागात मुलगी जाऊ म्हणते तेव्हा तिला सांगतात, “बाईला गायनॅक बरे.” सव्वाशे वर्षांपूर्वीची एक तडजोड, पण आजच्या मुलीच्या तोंडी ती ‘आवड’ म्हणून येते.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण आम्ही भीतभीतच देतो, कारण त्यांच्या उपकारांना सीमा नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले. मातृभाषेतून शिक्षण आणि घरसंसाराला उपयोगी विषय हे त्याचे विशेष होते. ज्या घरांतून मुलीला उंबऱ्याबाहेर पाठवतच नव्हते, त्या घरांना पटेल अशी ती वाट होती आणि त्या वाटेने हजारो मुली शिकल्या. पण स्त्रीचे कार्यक्षेत्र निराळे म्हणून तिचे शिक्षण निराळे, हा विचार त्या वाटेबरोबरच आला. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिका आणि शिक्षिका केले. उपाशी पोटाला ती भाकर होती. इतकेच म्हणावयाचे की, पुढाऱ्यांनी तात्पुरती म्हणून टाकलेली फळी आपण पुढच्या पिढ्यांनी कायमचा पूल मानली आणि नदीला दुसरा उतार आहे की नाही, हे पाहिलेच नाही.

ज्यांनी दुसरा उतार शोधला, त्यांना काय सोसावे लागले? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. १८९२ साली त्या ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या, पण स्त्रीला वकिली करू देणारा कायदा आपल्याकडे होईपर्यंत १९२३ साल उजाडले. मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बी. एस्‌सी. ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळविलेल्या त्या शास्त्रज्ञाने मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. प्रकाशाचे गूढ उकलणाऱ्यालाही घरचा हा अंधार दिसला नाही, मग आमच्यासारख्यांची काय कथा!

मद्रासच्या गिंडी येथील अभियांत्रिकी कॉलेजातून ए. ललिता १९४३ साली विजेच्या अभियंत्या झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मुलगी. पदवीच्या प्रमाणपत्रावर ‘तो’ असे छापलेले होते. ते खोडून शाईने ‘ती’ लिहावे लागले. आम्हांला वाटते, सारा इतिहास त्या एका खोडलेल्या शब्दात आहे. नमुना छापणाऱ्याच्या मनात कोणी वाईट हेतू नव्हता. बाई येईल, हे त्याच्या मनातच आले नव्हते.

मनात न येणे हे भाषेतही दिसते. आमच्या लहानपणी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे डॉक्टरांची बायको आणि ‘वकिलीणबाई’ म्हणजे वकिलांची. नवऱ्याचा धंदा बायकोच्या नावाला चिकटे. पुढे बाई स्वतःच डॉक्टर झाली तेव्हा तिला म्हणावे काय, हा पेच पडला आणि ‘लेडी डॉक्टर’ आली, मागून एस. टी. त ‘लेडी कंडक्टर’ आली. नुसत्या डॉक्टरला आणि नुसत्या कंडक्टरला कोणी ‘जेंट्स’ म्हणत नाही. उलट, मुलगा परिचारक झाला तर त्याची ओळख करून देताना घरचेच लोक म्हणतात, “दवाखान्यात आहे,” आणि पुढे बोलत नाहीत. आपण या धंद्यात पाहुणे आहोत, हे ज्याला रोज नावातूनच ऐकावे लागते, त्याने त्या धंद्यात मालकाप्रमाणे कसे वावरावे? मुलगीच नव्हे, मुलगाही या साच्यात अडकलेला आहे. एवढेच की त्याच्या साच्याला पगार बरा आहे.

आता आमच्या स्वतःच्या घरचे, म्हणजे संघटनेचे सांगतो. कामगार संघटनांनी या बाबतीत दोन्ही तऱ्हेचा इतिहास घडविला आहे. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातील मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपे, असा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ साली तो नियम रद्द झाला. ही अभिमानाची गोष्ट. दुसरी लाजेची. १९७५ साली समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली कायदा झाला. त्याच १९७५ साली मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत झालेल्या करारात पुरुष लघुलेखकांना एक श्रेणी आणि स्त्री लघुलेखिकांना तिच्याहून कमी अशी बोली झाली. ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिकेने दाद मागितली आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्या करारावर कंपनीची सही होती, तशीच कामगार संघटनेचीही होती.

तो निकाल वाचून आम्ही ‘किती हा अन्याय’ असे म्हटले होते. आणि पुढे, सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आम्ही स्वतः तशीच सही केली. कारखाना विजेचे छोटे भाग जुळविणारा. बाकावर ओळीने बसून बायका केसासारख्या बारीक तारा डाग देऊन जोडीत. श्रेण्या ठरविताना गोदामात खोकी हलविणारे पुरुष ‘निमकुशल’ ठरले आणि या बायका ‘मदतनीस’. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, बोटांचे काम बायकांना उपजतच येते, त्यात शिकण्यासारखे काय? आणि आम्ही मान हलविली. सहीनंतरच्या सभेत एक मध्यम वयाची बाई उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, आमची बोटं निमकुशल पण नाहीत का हो?” सभेत काही जण हसले. आम्हांला आजीची चिमूट आठवली. जे कसब बाईने घरी, आईच्या हाताखाली शिकलेले असते, ते कोणी कसब म्हणून धरत नाही. त्याला उपजत म्हटले की त्याचे दाम द्यावे लागत नाही. पुढच्या करारात आम्ही ते दुरुस्त केले. पण मधली तीन वर्षे परत देता आली नाहीत.

याहून जवळची गोष्ट आमच्या मुलीची. २०१२ साली ती दहावी झाली. गणितात उत्तम गुण, आणि लहानपणापासून घरातला पंखा उघडावा, मिक्सर उघडावा, अशी खोड. तिने यांत्रिकी पदविकेचा अर्ज आणला. आम्ही तिला म्हणालो, “पोरी, शॉपवर तुझं काम नाही. रात्रपाळ्या, तेलकट जमीन, आणि बायकांना साधं स्वच्छतागृह नाही.” ती म्हणाली, “बाबा, मग ते तुम्ही मागत का नाही?” वीस वर्षे आम्ही मागणीपत्रके लिहीत होतो. बोनस मागितला, साबण मागितला, उपाहारगृहात मोठे पंखे मागितले. शॉपवर बायकांसाठी स्वच्छतागृह हे कलम आम्ही एकदाही लिहिले नव्हते. कारण शॉपवर बाया नव्हत्या. आणि बाया नव्हत्या, कारण ते कलम नव्हते. मुलीने पुढे अध्यापनाची पदविका घेतली. गावात लोकांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले, “तिची आवडच तशी आहे.”

ज्या मुलींच्या घरी असे बाबा नव्हते, किंवा ज्यांनी बाबांचे ऐकले नाही, त्यांनी काय केले, तेही इतिहासातच आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत’ असे वाचून सुधा कुलकर्णी या तरुण मुलीने जे. आर. डी. टाटांनाच पत्र लिहिले. तिला मुलाखतीला बोलावले आणि पुण्याच्या कारखान्यात ती अभियंता म्हणून लागली. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडला विजेच्या पदविकेपर्यंत शिकल्या आणि रेल्वेच्या पहिल्या महिला चालक झाल्या. घाटातून ‘डेक्कन क्वीन’ त्यांनी २०११ साली चालविली आणि २०२५ साली त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, बाहेर पडली. प्रबोधिनीचे दार त्यांना उघडले ते २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने.

तरीही कोणी म्हणेल की, ही अपवादांची यादी झाली. सर्वसाधारण मुलीला यंत्राची आवड नसतेच. त्याला आम्ही आकडे सांगतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या; म्हणजे जवळजवळ निम्म्या. अभियांत्रिकीत मात्र दहा विद्यार्थ्यांत मुली साधारण तीनच. आय. आय. टी. त तर २०१७ साली शंभरात दहाही नव्हत्या. २०१८ पासून तेथे मुलांची एकही जागा न घटविता मुलींसाठी जादा जागा ठेवण्यात आल्या, आणि २०२० पर्यंत मुलींचे प्रमाण शंभरात वीसवर गेले. आता सांगा, तीन वर्षांत हिंदुस्थानातील मुलींचा मेंदू बदलला, की दार रुंद झाले? दार रुंद झाले की आवडही बदलते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? आणि संगणकाचे म्हणाल, तर १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हे गणकयंत्र जगापुढे आले, तेव्हा त्याला गणिते बांधून देण्याचे काम सहा तरुण बायकांकडे होते. ते काम कारकुनी समजले जाई, म्हणून बायकांचे. पुढे त्याच कामाला मान आणि पैसा आला आणि ते पुरुषांचे झाले. आजीच्या वाइंडिंग खात्याचीच ही गोष्ट. फक्त सुताच्या जागी विजेच्या तारा.

तेव्हा, श्रोतेहो, येत्या महिन्यात अर्जावर मुलामुलींच्या अभ्यासक्रमाचे नाव लिहाल, तेव्हा लेखणी टेकण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा, एवढीच आमची विनंती. हे काम आपण हिच्यासाठी निवडतो ते तिच्या हाताला जमते म्हणून, की शेजाऱ्यांच्या तोंडाला शोभते म्हणून? हिच्या जागी हिचा भाऊ असता आणि त्याचे गुण हेच असते, तर आपण हेच लिहिले असते काय? आणि तिसरा प्रश्न बापांना आणि पुढाऱ्यांना: ज्या अडचणीचे नाव पुढे करून आपण तिला परत फिरवतो, ती दूर करण्यासाठी आपण आजवर काय मागितले? मुलगी शिक्षिका होऊ म्हणत असेल तर खुशाल होऊ द्या. तो पेशा कोणाहून उणा नाही. मुलगा परिचारक किंवा बालवाडीचा शिक्षक होऊ म्हणत असेल तर त्यालाही हसू नका. त्यांनी घरातल्या सगळ्या वाटा पाहून मग एक धरावी, एवढेच.

आमची मुलगी आज एका शाळेत शिकविते, आणि चांगली शिकविते. गेल्या वर्षी ती आपल्या वर्गातील मुलींना घेऊन आमच्या कचेरीशेजारच्या वर्कशॉपमध्ये आली. लेथ कसा धरतो, पाते कसे बसवितो, मापन कसे घेतो, हे ती मुलींना सांगत होती. आम्ही कोपऱ्यात उभे राहून ऐकत होतो. एकही चूक नव्हती. मुली निघून गेल्यावर आम्ही म्हणालो, “तुला हे सारं अजून येतं?” ती म्हणाली, “बाबा, मला ते कधी येत नव्हतं?”

त्या दिवशी आलेल्या मुलींपैकी दोघींनी यंदा फिटरचा अर्ज आणला आहे. आणि संघटनेच्या यंदाच्या मागणीपत्रकात शॉपवरील स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचे कलम आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे. शॉपवर अजून बाई एकही नाही. पण यावेळी आम्ही तिची वाट पाहत थांबलेलो नाही.